पहिल्या फेरीत वाइड रिसिव्हर: कधी घ्यावा, कधी हात आवरावा

प्रश्न असा आला आहे: "आमचा संघ यंदा एनएफएल ड्राफ्टमध्ये सहाव्या क्रमांकावर निवड करणार आहे. समोर एक अव्वल वाइड रिसिव्हर आहे आणि तितकाच नावाजलेला लेफ्ट टॅकलही आहे. मित्र म्हणतात, रिसिव्हर तर दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतही मिळतात, त्यासाठी एवढी वरची निवड कशाला घालवायची? तुम्ही असता तर काय केलं असतं?"

खेळ नवा असलेल्यांसाठी आधी दोन ओळी: एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग, आणि ड्राफ्टमध्ये तिचे संघ फेरीफेरीने, पाळीपाळीने कॉलेजचे नवे खेळाडू निवडतात. क्वार्टरबॅक चेंडू फेकतो, वाइड रिसिव्हर पळत जाऊन तो झेलतो, आणि टॅकल आघाडीच्या फळीत उभा राहून क्वार्टरबॅकला वाचवतो. तुमच्या मित्रांचं निम्मं म्हणणं खरं आहे. गेली चौदा वर्षं मी कॉलेजच्या रिसिव्हरांचे सामने फिल्मवर बघून त्यांचे अहवाल लिहितो आहे, आणि माझं मत असं आहे: पहिल्या दहात रिसिव्हर घ्यायला हरकत नाही, मात्र तीन गोष्टी जुळल्या तरच. एक, क्वार्टरबॅक संघात आधीच असावा, किंवा त्याच वर्षी येणार असावा. दोन, हा रिसिव्हर मैदानाच्या कडेला, थेट अंगावर आलेल्या कॉर्नरबॅकला (रिसिव्हरला अडवणाऱ्या बचावपटूला) एकट्याच्या बळावर चकवतो हे फिल्मवर दिसलेलं असावं. तीन, त्याच्यात आणि चाळिसाव्या क्रमांकाच्या आसपास, म्हणजे दुसऱ्या फेरीत, मिळणाऱ्या रिसिव्हरमध्ये खरोखर मोठं अंतर असावं. यातली एक जरी गोष्ट नसली तर मी टॅकल घेईन.

तिसरी अट सगळ्यात जास्त विसरली जाते, म्हणून तिथून सुरुवात करतो. ड्राफ्टच्या आधी सगळे विचारतात, "हा खेळाडू किती चांगला आहे?" निवड करणाऱ्याने विचारायला हवं, "आज याला सोडला तर माझ्या पुढच्या पाळीला या जागेवर कोण उरेल?" २०१९ चा ड्राफ्ट घ्या. पहिल्या फेरीत दोनच रिसिव्हर गेले: २५ व्या क्रमांकावर मार्कीस ब्राउन बाल्टिमोरकडे आणि ३२ व्या क्रमांकावर एन'कील हॅरी न्यू इंग्लंडकडे. त्यानंतर ३६ वा डीबो सॅम्युएल, ५१ वा ए. जे. ब्राउन, ६४ वा डी. के. मेटकाफ, ७६ वा टेरी मक्लॉरिन. हॅरीचं न्यू इंग्लंडमध्ये काही जमलं नाही, आणि मागून गेलेले हे चौघे आपापल्या संघांचे मुख्य रिसिव्हर झाले. त्या वर्षी ३२ व्या क्रमांकावर रिसिव्हर घेणाऱ्याने ५१ व्याला मिळाला असता त्याच्याहून कमी माल जास्त दाम मोजून घेतला.

हे एखाद्याच वर्षाचं नाही. ग्रीन बे पॅकर्सनी २००२ साली जेव्हॉन वॉकरला पहिल्या फेरीत घेतलं आणि त्यानंतर थेट २०२५ मध्ये मॅथ्यू गोल्डनला. मधल्या सगळ्या वर्षांत पहिल्या फेरीत एकही रिसिव्हर नाही. त्यांचे चाहते दर एप्रिलमध्ये तळमळायचे. पण त्याच काळात दुसऱ्या फेरीतून त्यांनी ग्रेग जेनिंग्ज (२००६, ५२ वा), जॉर्डी नेल्सन (२००८, ३६ वा), रँडल कॉब (२०११, ६४ वा) आणि डावांते ॲडम्स (२०१४, ५३ वा) असे एकामागून एक उचलले. डोनाल्ड ड्रायव्हर तर १९९९ मध्ये सातव्या फेरीत मिळाला होता. अर्थात त्यांच्याकडे आधी ब्रेट फार्व आणि मग ॲरन रॉजर्स होते. क्वार्टरबॅक पक्का असल्यावर रिसिव्हरसाठी थांबणं परवडतं, आणि पॅकर्स थांबले.

अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले रिचर्ड थेलर आणि त्यांचे सहकारी केड मॅसी यांनी ड्राफ्टचा बारकाईने अभ्यास केला होता. एकाच जागेवरचे लागोपाठ निवडले गेलेले दोन खेळाडू घेतले, तर आधी निवडलेला सरस ठरण्याचं प्रमाण त्यांना निम्म्याहून जेमतेमच जास्त आढळलं. आपल्या नजरेवर गरजेपेक्षा जास्त भरवसा ठेवणं ही या धंद्याची जुनी खोड आहे, आणि मी तिच्यातून सुटलेलो नाही.

आता रिसिव्हर इतके मुबलक का झाले, तेही सांगायला हवं, कारण तुमच्या निर्णयात ते थेट येतं. अमेरिकेतली शाळकरी मुलं आता उन्हाळाभर सात विरुद्ध सात असा खेळ खेळतात. त्यात धक्काबुक्की करणारी आघाडीची फळी नसते, फक्त फेकणारे, पळणारे आणि अडवणारे. म्हणजे रिसिव्हरचा सराव वर्षभर चालतो. कॉलेजच्या संघांनी मैदानभर खेळाडू पसरवून फेकाफेकीचा खेळ स्वीकारला, त्यामुळे हजारो चेंडू झेललेला मुलगा एकविसाव्या वर्षी व्यावसायिक संघात येतो. टॅकलचं उलटं आहे. त्याला शिकायला अंगावर पॅड चढवून समोरच्याशी झुंजावं लागतं, आणि २०११ च्या सामूहिक करारापासून एनएफएलमध्ये असे सराव मोजके झाले. चांगला टॅकल चौथ्या फेरीत सापडणं म्हणूनच अवघड, आणि चांगला रिसिव्हर सापडणं तितकंसं अवघड नाही. २०२१ मध्ये डेट्रॉइटने अमॉन-रा सेंट ब्राउनला चौथ्या फेरीत, ११२ व्या क्रमांकावर घेतलं. त्याच्या आधी सोळा रिसिव्हर गेले होते आणि त्या सोळाही जणांची नावं त्याला तोंडपाठ आहेत. २०२३ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सचा पुका नकुआ पाचव्या फेरीत १७७ वा गेला आणि पहिल्याच हंगामात १०५ झेल आणि १,४८६ यार्ड (झेलांतून चेंडू पुढे नेलेलं अंतर) असा नवोदितांचा विक्रम करून बसला.

इथपर्यंत तुमचे मित्र जिंकले. पण पैशाचा हिशेब मांडला की पारडं दुसरीकडे झुकायला लागतं.

आयपीएलच्या लिलावात ज्याची हवा जास्त त्याला पैसे जास्त. ड्राफ्टमध्ये तसं नाही. २०११ पासून नवोदिताचा पगार तो कितव्या क्रमांकावर गेला यावर ठरतो. करार चार वर्षांचा, आणि पहिल्या फेरीतल्या खेळाडूसाठी पाचवं वर्ष वाढवायचा हक्क संघाकडे. खेळाडू कोणत्या जागेवर खेळतो याने त्या चार वर्षांच्या पगारात काही फरक पडत नाही. म्हणून विचार असा करायचा: हाच खेळाडू मला खुल्या बाजारात घ्यावा लागला असता तर किती पडला असता? रिसिव्हर जस्टिन जेफरसनचा मिनेसोटाबरोबरचा पहिला करार चार वर्षांचे मिळून सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर होता. जून २०२४ मध्ये झालेला पुढचा करार चार वर्षांचे १४ कोटी. मार्च २०२५ मध्ये सिनसिनाटीने जमार चेसला चार वर्षांचे १६ कोटी १० लाख दिले, म्हणजे वर्षाला ४ कोटींच्या वर. याउलट डेट्रॉइटचा पेनेई सूएल, अनेकांच्या मते या पिढीतला सर्वोत्तम राइट टॅकल, त्याचा एप्रिल २०२४ चा करार वर्षाला २ कोटी ८० लाखांचा आहे. २०२५ मध्ये एका संघाची पगारमर्यादा साधारण २८ कोटी डॉलर होती. तिच्यातले ४ कोटी एका रिसिव्हरला गेले तर उरलेल्या बावन्न जणांची ताटं पातळ होतात.

त्यामुळे खरा अव्वल रिसिव्हर पहिली चार-पाच वर्षं स्वस्तात मिळणं ही क्वार्टरबॅकखालोखालच्या मोठ्या बचतींपैकी एक आहे. २०१० मध्ये हे असं नव्हतं. तेव्हा वरच्या निवडींचे पगारच आभाळाला भिडलेले असत.

याच हिशेबातून २०२२ च्या वसंतातल्या घडामोडी समजतात. कॅन्सस सिटीने रिसिव्हर टायरीक हिलला मायामीला देऊन ड्राफ्टमधल्या पाच निवडींचे हक्क घेतले, आणि त्याच्याविना लागोपाठ दोन सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकले. टेनेसीने ड्राफ्टच्या रात्रीच ए. जे. ब्राउनला फिलाडेल्फियाला दिलं, मिळालेल्या १८ व्या निवडीवर ट्रेलन बर्क्सला घेतलं, आणि बर्क्सकडून ब्राउनची जागा कधी भरली गेली नाही. एकाच ऋतूत एकाच जातीचे दोन सौदे, आणि निकाल दोन टोकांचे. फरक माझ्या मते क्वार्टरबॅकमध्ये आहे. कॅन्सस सिटीच्या पॅट्रिक माहोम्ससारखा माणूस असेल तर रिसिव्हरची उणीव तो भरून काढतो. टेनेसीच्या रायन टॅनेहिलला ब्राउनची गरज होती.

आता तुमच्यासमोर आहे नेमकी तशीच निवड २०२१ मध्ये सिनसिनाटीसमोर आली होती, आणि मला वाटतं ती प्रत्येकाने नीट समजून घ्यावी. पाचवा क्रमांक. त्यांचा तरुण क्वार्टरबॅक जो बरो आदल्या नोव्हेंबरमध्ये गुडघ्याचं लिगामेंट फाटून बाहेर गेलेला. आघाडीची फळी चाळण झालेली. सूएल उपलब्ध. सगळे म्हणत होते, आधी पोराचा गुडघा वाचवा. सिनसिनाटी बेंगल्सनी चेसला घेतलं, आणि फळीसाठी दुसऱ्या फेरीत ४६ व्या क्रमांकावर जॅक्सन कारमनला. सूएल दोन क्रमांकांनी खाली डेट्रॉइटला गेला.

त्या हंगामात चेसने १,४५५ यार्ड आणि १३ टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन मिळवलेले गुण) केले. आदल्या वर्षी चार सामने जिंकलेला संघ सुपर बोलमध्ये पोहोचला. पण कारमन काही टिकला नाही. बरो साखळी सामन्यांत ५१ वेळा चेंडूसकट पाडला गेला, लीगमध्ये सगळ्यात जास्त. टेनेसीविरुद्ध नऊ वेळा पडूनही ते जिंकले, आणि रॅम्सविरुद्धच्या सुपर बोलमध्ये सात वेळा पडून २३-२० असे हरले. शेवटच्या डावात बरो रॅम्सच्या ॲरन डॉनल्डच्या हातात होता. २०२४ मध्ये चेसने झेल, यार्ड आणि टचडाउन या तिन्हींत लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला: १२७, १,७०८ आणि १७. संघ ९ विजय आणि ८ पराभवांवर राहून प्लेऑफच्या बाहेर. डेट्रॉइटने मात्र सूएल सातव्या क्रमांकावर आणि सेंट ब्राउन ११२ व्यावर असे दोघे एकाच ड्राफ्टमध्ये नेले, आणि २०२४ ला १५ सामने जिंकले.

मग सिनसिनाटी चुकली का? मी नाही म्हणतो. चेस आणि बरो लुइझियाना स्टेट विद्यापीठात एकत्र खेळले होते, २०१९ चा तो संघ एकही सामना न हरता विजेता झाला होता. क्वार्टरबॅक हजर होता, अंतर मोठं होतं, आणि रिसिव्हर एकट्याने कॉर्नरला मोडून काढणारा होता. तिन्ही अटी पूर्ण. त्यांची चूक ४६ व्या क्रमांकावर झाली. वरची निवड रिसिव्हरवर लावली की पुढची फळीची निवड चुकवायची मुभा उरत नाही, आणि हा धोका रिसिव्हर घेणाऱ्या प्रत्येकाने डोक्यात ठेवला पाहिजे.

क्वार्टरबॅकची अट मी पहिली का ठेवली, त्याचं उत्तर जुन्या डेट्रॉइटमध्ये आहे. मॅट मिलन यांच्या कारभारात लायन्सनी २००३ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर चार्ल्स रॉजर्स घेतला (तिसरा आंद्रे जॉन्सन ह्यूस्टनला गेला आणि आज तो हॉल ऑफ फेममध्ये आहे), २००४ मध्ये सातव्यावर रॉय विल्यम्स, २००५ मध्ये दहाव्यावर माइक विल्यम्स, ज्याच्या पाठोपाठ अकराव्यावर डिमार्कस वेअर डॅलसला मिळाला, आणि २००७ मध्ये दुसऱ्यावर कॅल्विन जॉन्सन. पाच वर्षांत पहिल्या दहातले चार रिसिव्हर. जॉन्सनला घेणं मुळीच चूक नव्हतं, मी पाहिलेल्या रिसिव्हरांत त्याच्यासारखा दुसरा नाही. पण २००८ मध्ये त्याने १,३३१ यार्ड आणि १२ टचडाउन केले त्या हंगामात संघ सोळाच्या सोळा सामने हरला. २०१२ मध्ये त्याने १,९६४ यार्डांचा विक्रम केला, संघ ४-१२. तोपर्यंत मॅथ्यू स्टॅफर्डसारखा क्वार्टरबॅक आलेला होता, पण बाकी घर बांधायला लागणाऱ्या निवडी आधीच्या वर्षांत जळून गेल्या होत्या. रिसिव्हर चेंडूची वाट बघतो. त्याच्यापर्यंत चेंडू पोहोचायला आधी तीन सेकंद मिळावे लागतात आणि फेकणारा हात लागतो.

दुसरी अट, फिल्म. इथे मी जास्त वेळ घेणार, कारण वृत्तपत्री यादीत आणि खऱ्या अहवालात फरक पडतो तो इथेच.

कॉलेजचं मैदान आणि व्यावसायिक मैदान रुंदीला सारखंच असतं, पण मधल्या हॅश रेषांमधलं अंतर वेगळं (प्रत्येक डावाआधी चेंडू या दोन रेषांवर किंवा त्यांच्यामध्ये ठेवतात). कॉलेजमध्ये ४० फूट, एनएफएलमध्ये साडेअठरा फूट. कॉलेजमध्ये चेंडू एका हॅशवर असला की दुसऱ्या बाजूला मोठं रान मोकळं मिळतं, आणि तिथे उभा असलेला रिसिव्हर नुसता पळूनही सुटा दिसतो. व्यावसायिक मैदानात ते रान नाही. म्हणून मी कॉलेजच्या रुंद बाजूचे झेल वेगळे काढून ठेवतो आणि अरुंद बाजूला तो काय करतो ते बघतो. तसंच, कॉलेजमध्ये झेल घेताना एक पाय रेषेच्या आत पडला तरी चालतो, एनएफएलमध्ये दोन्ही लागतात. ज्याला दुसरा पाय आत ओढायची सवय कॉलेजमध्येच लागली आहे, तो कडेच्या रेषेचा माणूस.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सुरुवातीची दोन पावलं. कॉर्नर तोंडासमोर येऊन उभा राहतो आणि पहिल्या पाच यार्डांत त्याला हात लावायची मोकळीक असते. कबड्डीतला चढाईपटू आठवा. तो निव्वळ वेगाने कोपरारक्षकाला चुकवत नाही, तो खांदा एकीकडे टाकतो आणि पाय दुसरीकडे नेतो. रिसिव्हरचं तसंच आहे. खांदा, नजर, हात या तिघांनी खोटं बोलता येतं का? पहिली हुलकावणी फसली तर दुसरी आहे का? मी प्रत्येक रिसिव्हरचे असे अंगावरचे डाव वेगळे कापून घेतो, आणि बऱ्याच गाजलेल्या मुलांचे असे डाव अख्ख्या हंगामात मोजकेच निघतात. बाकी वेळ त्यांना मोकळं सोडलेलं असतं. अशा मुलाबद्दल "तो चकवू शकत नाही" असं मी म्हणत नाही, पण पहिल्या दहात घ्यायला पुरावा नाही असं नक्की लिहितो.

जेफरसनचं उदाहरण याला छेद देतं, आणि ते मी लपवणार नाही. २०१९ मध्ये तो बहुतेक स्लॉटमध्ये, आतल्या बाजूला खेळला. तिथे कॉर्नर अंगावर कमी येतो. कडेला तो टिकेल का ही शंका रास्त होती, म्हणून तो २२ वा गेला. मात्र त्याच्या पावलांचा ताल आणि वळणावर वेग न सोडण्याची पद्धत फिल्मवर स्पष्ट दिसत होती. फिलाडेल्फियाने एक क्रमांक आधी जेलन रेगरला घेतलं, आणि २०२२ मध्ये जेफरसन १,८०९ यार्डांसह आक्रमणातला वर्षातला सर्वोत्तम खेळाडू होता.

वेगाबद्दल एक कबुली देतो. २०१७ मध्ये जॉन रॉस इंडियानापोलिसच्या, ड्राफ्टआधीच्या चाचणीत ४० यार्ड ४.२२ सेकंदांत धावला. तो तेव्हाचा विक्रम होता. माझ्या अहवालात मी त्याचे सांधे आणि शस्त्रक्रिया यांची नोंद केली होती, तरी त्या आकड्याने माझी श्रेणी वर सरकली. तो नववा गेला, पहिल्या हंगामात त्याच्या नावावर एकही झेल नाही. त्याच ड्राफ्टमध्ये ४.६२ धावलेला कूपर कप ६९ व्या क्रमांकावर रॅम्सना मिळाला, आणि २०२१ मध्ये तो १४५ झेल, १,९४७ यार्ड करून सुपर बोलचा सामनावीरही झाला. तेव्हापासून मी धावेचा आकडा फिल्म बघून झाल्यावर उघडतो, आधी नाही.

वर सरकण्यासाठी पुढच्या वर्षाची पहिली निवड देऊन रिसिव्हर आणणं मात्र मला कधीच पटलेलं नाही. २०१४ मध्ये बफेलोने नवव्यावरून चौथ्यावर जायला पुढच्या वर्षीची पहिली आणि चौथी फेरी देऊन सॅमी वॉटकिन्सला घेतलं. त्याच ड्राफ्टमध्ये सातव्याला माइक इव्हान्स, बाराव्याला ओडेल बेकहॅम आणि ५३ व्याला ॲडम्स होता. म्हणजे नुसते जागेवर बसून राहिले असते तरी बेकहॅम हाताशी होता. अटलांटाने २०११ मध्ये पाच निवडी देऊन ज्युलिओ जोन्स आणला आणि तो पुरेपूर उतरला. पण असा एक ज्युलिओ दाखवून बाकीचे सौदे समर्थनीय ठरत नाहीत.

आता तुमचा सहावा क्रमांक. तुमच्याकडे क्वार्टरबॅक आहे की नाही, ते तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर टॅकल घ्या. पुढच्या वर्षी येणाऱ्या क्वार्टरबॅकसाठी तो आधीच उभा असेल, आणि रिसिव्हर दुसऱ्या फेरीत बघा. क्वार्टरबॅक असेल, तर त्या रिसिव्हरचे कडेला, अंगावरच्या कॉर्नरविरुद्धचे डाव शोधून सलग बघा. त्यातल्या दहापैकी सहा-सात वेळा तो तिसऱ्या पावलापर्यंत सुटलेला दिसला तर त्याला घ्या, आणि लगेच दुसऱ्या फेरीसाठी टॅकलच्या यादीवर बसा. तिथे कोण उरेल असं वाटतं, त्यातले निदान तीन जण तुम्हाला मनापासून पसंत असायला हवेत. एकच असेल तर तो आधीच गेलेला असेल असं धरून चाला, आणि सहाव्यावर टॅकलच घ्या.